डॉक्टर, आमच्या माणसाचं बीपी एकदा उभं करून मोजा

महाराष्ट्रातल्या सर्व फॅमिली डॉक्टरांना,

स. न. वि. वि.

मी अकोल्याची. जिल्हा परिषदेच्या शाळेत बत्तीस वर्षं शिकवून निवृत्त झाले. माझ्या यजमानांना २०१५ साली पार्किन्सन्सचं, म्हणजे कंपवाताचं, निदान झालं. तेव्हापासून त्यांच्या दुखण्याची एक वही मी ठेवते. गोळी किती वाजता दिली, जेवण कधी झालं, पाय कधी अडखळले, झोप कशी लागली, सगळं त्यात असतं. शंभर पानी वह्या आता सात झाल्या. त्या पुन्हा पुन्हा वाचून जे ध्यानात आलं ते सांगायला हे पत्र लिहिते आहे. मागणी एकच आहे. पार्किन्सन्सचा पेशंट तुमच्याकडे आला की त्याचं बीपी आधी आडवं झोपवून मोजा, मग उभं करून मोजा. खुर्चीत बसवून घेतलेल्या एका आकड्यावर त्याची गोळी ठरवू नका.

न्यूरोलॉजिस्टकडे आम्ही वर्षातून दोनदा जातो, त्यासाठी नागपूरची गाडी धरावी लागते. तिथे मिळणारी दहा-पंधरा मिनिटं हात किती थरथरतो, चाल कशी आहे, गोळीचा असर किती तास टिकतो यातच संपतात. तुमच्याकडे मात्र आम्ही महिन्याच्या महिन्याला येतो. सगळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या एका टेबलावर येतात त्या तुमच्याच. म्हणून हे पत्र तुम्हाला.

२०१९च्या गणपतीतली गोष्ट. घरात आरती चालू होती, हे नेहमीप्रमाणे टाळ घेऊन उभे. दुपारचं नैवेद्याचं जेवण उशिरा झालेलं, पंधरावीस माणसं, खोलीत उकाडा. मंत्रपुष्पांजलीला हातातला टाळ सुटला आणि हे भिंतीला घसरत खाली बसले. चेहरा पांढराफटक. आडवं केलं तर दोन मिनिटांत डोळे उघडून म्हणाले, ‘काय झालं? थांबलात कशाला?’ जमलेल्यांपैकी प्रत्येकाने एकच सांगितलं, बीपी वाढलं असणार. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात बसवून मोजलं तर १५०/९०. गोळीचा डोस वाढला. मी घरी येऊन यांच्या ताटातलं लोणचं काढलं, पापड काढला, वरणातलं मीठ अर्ध्यावर आणलं. आपण यांची काळजी घेतो आहोत असं मला वाटत होतं. वहीत त्या महिन्यात मी लिहिलंय : ‘मीठ बंद. तरी थकवा वाढतोच आहे.’

त्यानंतरच्या सव्वा वर्षात वहीत अकरा वेळा ‘पडले’ असा शब्द आहे. प्रत्येक वेळी आम्हाला सांगितलं गेलं की पार्किन्सन्समध्ये तोल जातोच. ते खरंही आहे. पण तोल जाऊन पडणं आणि उभ्या-उभ्या डोळ्यांपुढे अंधारी येऊन पडणं यांत फरक आहे, आणि तो कुणी विचारला नाही. २०२१च्या जानेवारीत पहाटे चार वाजता लघवीला उठले आणि बाथरूमच्या दारात कोसळले. खुब्याचं हाड मोडलं.

ऑपरेशन नीट पार पडलं. तिसऱ्या दिवशी एक तरुण फिजिओथेरपिस्ट मुलगी यांना वॉकर धरून उभं करायला आली. उभं केल्याबरोबर मान खाली गेली. तिने घाईघाईने झोपवलं, जराशी थांबली, आणि मग आजवर कुणी केलं नव्हतं ते केलं. आडवं असताना बीपी घेतलं. १६६/९२, नाडी ७४. मग आम्ही दोघींनी धरून उभं केलं, एका मिनिटाने मोजलं, तीन मिनिटांनी पुन्हा मोजलं. ९४/५८, नाडी ७९. तिने तो आकडा दोनदा तपासला आणि म्हणाली, ‘काकू, यांचं बीपी वाढलेलंही आहे आणि उतरलेलंही आहे. दोन्ही खरं आहे.’ सहा वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी यांना उभं करून पाहिलं होतं.

पुढे नागपूरच्या डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून मला समजावलं. मला जसं कळलं तसं लिहिते, कारण हे वाचणाऱ्यांत पेशंटांच्या घरचीही माणसं असतील.

माणूस उभा राहिला की अर्धा ते पाऊण लिटर रक्त पोटाकडे आणि पायांकडे उतरतं. मानेतल्या आणि छातीतल्या मोठ्या धमन्यांत दाब ओळखणारी मज्जातंतूंची टोकं असतात. ती ताबडतोब मेंदूच्या बुंध्याला खबर देतात, तिथून हुकूम सुटतो, रक्तवाहिन्यांभोवतीच्या मज्जातंतूंतून नॉरॲड्रेनॅलिन नावाचं रसायन बाहेर पडतं, वाहिन्या आवळतात, नाडी थोडी वाढते, आणि दाब जागच्या जागी राहतो. हे सगळं काही सेकंदांत होतं आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. शाळा सुरळीत चालते तेव्हा घंटा कोण देतं, टाकीत पाणी कोण चढवतं याकडे कुणाचं लक्ष नसतं. शिपाईदादा आठवडाभर रजेवर गेले की सगळ्यांना कळतं. स्वायत्त मज्जासंस्था म्हणजे शरीरातलं असं न सांगता होणारं काम. बीपी, घाम, आतड्यांची हालचाल, लघवी, लाळ, डोळ्यांची बाहुली, सगळं तिच्याकडे.

पार्किन्सन्स म्हणजे मेंदूत डोपामिन हे हालचाल सांभाळणारं रसायन कमी होणं, एवढंच आम्हाला आधी माहीत होतं. पण ज्या प्रथिनाच्या गुठळ्या मेंदूतल्या डोपामिनच्या पेशी मारतात, ते अल्फा-सिन्युक्लिन या मज्जातंतूंतही साचतं. हृदयाला आणि रक्तवाहिन्यांना जाणाऱ्या बारीक तंतूंची टोकं सुकत जातात. हुकूम सुटतो, पण पोचवणारा राहत नाही. यांची नाडी ७४वरून ७९वरच गेली, त्याचा अर्थ हा. दाब ७२ अंकांनी पडला आणि नाडी वाढली पाच. अंगात पाणी कमी पडलेल्या धडधाकट माणसाची नाडी अशा वेळी धावत सुटते. वरचा दाब जितका पडला त्याला नाडीच्या वाढीशी ताडून पाहायचं, दर एका अंकामागे अर्ध्या ठोक्याहूनही कमी वाढ असेल तर दोष मज्जातंतूंचा असण्याची शक्यता मोठी. यासाठी कुठलंही महागडं यंत्र लागत नाही. तुमच्याकडे आहे तेच बीपीचं यंत्र, एक खाट आणि आठ-दहा मिनिटं. पाच मिनिटं झोपवायचं, मोजायचं. उभं करायचं, एका आणि तीन मिनिटांनी मोजायचं. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने पडला की झालं निदान. पार्किन्सन्सच्या साधारण दर तिघांतल्या एकाला हे असतं.

तीन मिनिटं उभं राहणं ज्याला जमत नाही त्याला निदान पाय खाली सोडून बसवून मोजा. आणि पडेल म्हणून बाजूला कुणीतरी धरायला असू द्या.

आता चिठ्ठ्यांबद्दल. हाड मोडलं तेव्हा यांना चालू असलेल्या गोळ्यांची यादी मी त्या मुलीला वाचून दाखवली होती. बीपीची गोळी, तिच्यातच लघवी वाढवणारं औषध मिसळलेलं. रात्री चार-चार वेळा लघवीला उठतात म्हणून प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिन, जे रक्तवाहिन्याही सैल करतं. पोट फुगतं, जळजळते म्हणून एक कॅप्सूल, तिच्यात ॲसिडिटीच्या औषधासोबत लेव्होसल्पिराइड, जे डोपामिनलाच अडवतं. आणि पार्किन्सन्सची लेव्होडोपा, जिच्याने बीपी आणखी खाली येऊ शकतं, पण जिच्याशिवाय यांना शर्टाचं बटणही लावता येत नाही. चार दवाखाने, चार चिठ्ठ्या. प्रत्येकाने आपापल्या अवयवापुरतं बरोबरच दिलं होतं. मी कुणाला दोष द्यायला बसलेले नाही. पण हे चारही त्रास एकाच आजाराचे आहेत असं एकानेही म्हटलं नाही, आणि त्या चार चिठ्ठ्यांनी मिळून माझ्या माणसाला पहाटे चार वाजता जमिनीवर आणलं.

रात्रीच्या लघवीचं तर विशेष सांगायचं आहे, कारण हे कळल्यावर मी रात्रभर झोपले नव्हते. ज्यांचं बीपी उभं राहिल्यावर पडतं, त्यांच्यातल्या जवळपास निम्म्यांचं आडवं झाल्यावर चढतं. आवरणारी यंत्रणाच उरलेली नसते, मग दाब शरीराच्या स्थितीप्रमाणे वर-खाली होत राहतो. रात्री सपाट झोपलं की दाब वाढतो, मूत्रपिंडांना वाटतं अंगात पाणी आणि मीठ जास्त झालंय, ती दोन्ही बाहेर टाकायला लागतात. म्हणून रात्री लघवी जास्त. रात्रभर पाणी गेल्यामुळे पहाटे रक्ताचं प्रमाण सगळ्यांत कमी. आणि नेमका तेव्हाच माणूस अंधारात उठून उभा राहतो. त्या लघवीला प्रोस्टेटची म्हणून दाब उतरवणारी गोळी दिली की चक्र पुरं होतं. मूत्राशयाचे मज्जातंतूही बिघडलेले असतात, त्याने घाईची लघवी होतेच. प्रोस्टेटही असू शकतो, नाही असं नाही. पण पार्किन्सन्सच्या माणसाला रात्रीच्या लघवीसाठी औषध लिहिण्याआधी त्याला उभं करून पाहा, एवढंच म्हणते.

यावर आम्हाला पहिला उपाय सांगितला गेला तो फुकटचा होता. खाटेच्या डोक्याकडच्या दोन पायांखाली दोन-दोन विटा. उशा वाढवून उपयोग नाही, त्याने नुसती मान वाकते, पूर्ण अंग उतरतं पाहिजे. विटा ठेवल्यापासून तिसऱ्या आठवड्यात वहीत ‘रात्री लघवी : २’ असं लिहिलेलं आहे. आधी चार-पाच असायची. दुसरा उपाय तांब्याभर पाणी. उठायच्या आधी अर्धा लिटर साधं पाणी एकदम प्यायचं, घोट घोट करत नाही, तीन-चार मिनिटांत संपवायचं. दहा-पंधरा मिनिटांत दाब चढायला लागतो आणि तासभर तरी टिकतो. हा परिणाम मज्जासंस्था बिघडलेल्यांत चांगला दिसतो. पोटाला घट्ट पट्टा, दिवसा. मीठ परत ताटात, अर्थात ज्यांच्या हृदयाला आणि मूत्रपिंडाला चालतं त्यांच्या, आणि ते ठरवणारे तुम्ही. लोणच्याची बरणी मी पुन्हा फडताळातून काढली तेव्हा मला रडू आलं होतं. टॅम्सुलोसिन आणि ती कॅप्सूल डॉक्टरांनीच थांबवली. बीपीची गोळी सकाळची बंद झाली, रात्री झोपताना एक लहान डोस राहिला. इतकं करूनही ज्यांचं भागत नाही त्यांच्यासाठी मिडोड्रिन आहे, फ्लुड्रोकॉर्टिसोन आहे. मिडोड्रिनचा शेवटचा डोस झोपण्याच्या चार तास आधी संपवायचा, नाहीतर आडवं झाल्यावरचं बीपी आणखी चढतं. पण कुणी वाचकाने हे पत्र वाचून स्वतःच्या मनाने गोळ्या बंद करू नयेत, हात जोडून सांगते.

आमच्या घरात काही जुन्या चांगल्या सवयी होत्या, त्याही मोडाव्या लागल्या. रात्री जेवून शतपावली ही त्यातली एक. जेवणानंतर रक्त आतड्यांकडे ओढलं जातं, आणि अशा माणसाचं बीपी पुढचा तास-दोन तास सगळ्यांत खाली असतं. पोळ्याच्या दिवशी पुरणपोळ्या खाऊन हे अंगणात फेऱ्या मारायला निघायचे आणि मी कौतुकाने बघायची. आता जेवण चार वेळा थोडं थोडं, आणि त्यानंतर तासभर खुर्ची. वाकून नमस्कार करून झटकन सरळ होणं बंद. भारतीय पद्धतीच्या संडासात उकिडवं बसल्यावर दाब वाढलेला असतो, कुंथून आणि मग एकदम उठून तो कोसळतो, म्हणून तिथे कमोड आणि भिंतीला दांडा. अकोल्याचा मे महिना तुम्हाला सांगायला नको, पंचेचाळीस अंशांत कातडीखालच्या सगळ्या वाहिन्या उघडलेल्या असतात. उन्हाळ्यात यांचे आकडे हिवाळ्यापेक्षा वेगळे येतात, वहीत स्पष्ट दिसतं. त्यामुळे एकदा मोजून वर्षभर तेच धरून चालू नये. घामाचंही असंच. यांना गोळीचा असर उतरला की डोक्यापासून घाम फुटतो, बनियन पिळावं लागतं. काही जणांना उलट घामच येत नाही आणि उष्माघाताचा धोका वाढतो. विदर्भातल्या डॉक्टरांनी मार्च लागला की हा प्रश्न विचारून ठेवावा.

बद्धकोष्ठतेबद्दल मी तुमच्यापेक्षा तुमच्याच एका पूर्वसुरीचं नाव घेते. जेम्स पार्किन्सन लंडनच्या हॉक्स्टन भागात गल्लीतल्या माणसांना औषध देणारे डॉक्टर होते, तुमच्यासारखेच. १८१७ साली त्यांनी कंपवातावर जो निबंध लिहिला तो अवघ्या सहा माणसांवरून, त्यांतली काही त्यांनी रस्त्यावर येता-जाता पाहिलेली. त्यांच्याकडे ना स्कॅन होतं ना रक्ततपासणी. तरी आतडी मंदावतात, जोरदार रेचकाशिवाय हलत नाहीत, तोंडातून लाळ गळते, हे त्यांनी नोंदवलं. १९१२ साली फ्रेडरिक लेव्हींनी मेंदूतल्या ज्या गुठळ्या पहिल्यांदा वर्णन केल्या त्यांतल्या काही पोटाकडे आणि हृदयाकडे जाणाऱ्या व्हेगस मज्जातंतूच्या उगमाशी होत्या. होनोलुलूच्या पुरुषांवरचा एक जुना मोठा अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला, त्यात दिवसाला एकदाही शौचाला न होणाऱ्यांना पुढे पार्किन्सन्स होण्याचा धोका रोज एकदा होणाऱ्यांच्या तुलनेत अडीच पटींहून जास्त दिसला. आमच्याकडे हात थरथरायच्या आधी दहा वर्षं इसबगोलाचा डबा होता. म्हणून बद्धकोष्ठतेच्या प्रत्येक माणसाला घाबरवा असं मी म्हणत नाही, बहुतेकांना पार्किन्सन्स होणार नाही. पण ज्याला तो झालेलाच आहे, त्याचं पोट साफ नसणं ही फुटकळ तक्रार नाही. लेव्होडोपा जठरात शोषली जात नाही, पुढे लहान आतड्यात शोषली जाते. जठर सुस्त, तर गोळी पोटातच पडून राहते, आणि आम्ही म्हणतो आज गोळी लागलीच नाही. यांची दुपारची गोळी वाया जायची, ती पोटावर उपाय केल्यावर लागायला लागली. डोस वाढवावा लागला नाही.

तुमच्या प्रश्नांच्या शब्दांबद्दल एक विनंती. ‘चक्कर येते का?’ असं विचारलं की हे ‘नाही’ म्हणायचे, आणि ते खोटं बोलत नव्हते. चक्कर म्हणजे भोवताल गरगर फिरणं अशी त्यांची समजूत. त्यांना होत होतं ते निराळं. डोळ्यांपुढे अंधारी येते का, उभं राहिलं की गळाल्यासारखं होतं का, पायांतलं बळ गेल्यासारखं वाटतं का, ऐकू येणारं लांब गेल्यासारखं वाटतं का, बसलं की बरं वाटतं का, असं विचारा. आणि मानेचं विचारा. उभं राहिल्यावर मानेपासून दोन्ही खांद्यांपर्यंत, शर्टाचं हँगर असतं तेवढ्या भागात दुखतं आणि झोपलं की थांबतं, हे तिथल्या स्नायूंना रक्त कमी पडल्याचं लक्षण आहे. यांच्या गळ्यात आम्ही आठ महिने मानेचा पट्टा बांधला होता. काहींना तर दाब पन्नास अंकांनी पडूनही काहीच जाणवत नाही, नुसतं बोलणं मंदावतं, नजर शून्यात जाते. घरच्यांना वाटतं विसरभोळेपणा वाढला. अशा वेळी प्रश्नांचा उपयोग नाही, यंत्रच लावावं लागतं.

लाळेचं थोडक्यात. ती जास्त तयार होत नाही, गिळणं कमी होतं म्हणून साचते. खांद्यावर नॅपकिन घेतलेल्या माणसाशी लोक मोठ्याने, लहान मुलाशी बोलावं तसं बोलायला लागतात. तुम्ही तसं बोलू नका.

आणखी एक गोष्ट, जी माझ्या वयाची बाई सहसा लिहीत नाही. या आजारात पुरुषांचं नवरेपणही जातं, कधी कधी सगळ्यांत आधी जातं. माणूस मनातल्या मनात झुरतो किंवा कुणाला न विचारता औषधाच्या दुकानातून गोळी आणतो. ती गोळी बीपी आणखी पाडते. तुम्ही एकांतात विचारलंत तर तो सांगेल. बायकोला नाही सांगणार.

आमच्या ओळखीतल्या एका बाईंच्या यजमानांना पार्किन्सन्स सांगितलं होतं. पण लेव्होडोपाचा गुण येईना, लघवीचा त्रास पहिल्या वर्षापासून, उभं राहिलं की बेशुद्ध, चालताना दारू प्यायल्यासारखे पाय फाकत. लघवीसाठी प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं आणि त्यानंतर लघवी थांबवणंच त्यांच्या हाती राहिलं नाही. तो आजार पार्किन्सन्सचा चुलतभाऊ होता, मल्टिपल सिस्टिम ॲट्रॉफी. शाय आणि ड्रेगर या दोन अमेरिकी डॉक्टरांनी १९६० साली त्याचं एक रूप सविस्तर मांडलं, म्हणून काही जुने डॉक्टर त्याला अजून शाय-ड्रेगर म्हणतात. त्यात स्वायत्त मज्जासंस्था लवकर आणि जास्त ढासळते. झोपेत श्वास आत घेताना शिट्टीसारखा बारीक आवाज येऊ लागला तर ते साधं घोरणं समजू नये, स्वरयंत्र आवळत असतं, जिवाला धोका असतो. या बाईंना तो आवाज वर्षभर ऐकू येत होता आणि त्या सगळ्यांना सांगतही होत्या. असे पेशंट लक्षणं सुरू झाल्यापासून साधारण सहा ते दहा वर्षं जगतात. आजार बरा करणारं औषध आज नाही, म्हणून निदानाला उशीर झाला तरी काय बिघडतं असं त्यांना एकाने म्हटलं. बिघडतं. ऑपरेशन टळलं असतं. शेवटची तीन वर्षं कशी जातील हे त्या घराला आधी कळलं असतं.

तुमच्यापैकी कुणी म्हणेल, माझ्या दवाखान्यात पार्किन्सन्सचे पेशंट असून असून किती असणार? जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०१९ साली जगात ८५ लाखांहून जास्त लोकांना हा आजार होता. आपल्या मुंबईतल्या पारशी वसाहतींत दारोदार जाऊन केलेली पाहणी १९८८ साली प्रसिद्ध झाली, त्यात लाखामागे ३२८ जणांना पार्किन्सन्स आढळला. त्या समाजात वयस्क माणसं जास्त, हे त्याचं एक कारण. आता आपल्या गावागावांत तसंच वय वाढतं आहे. शिवाय उभं राहिल्यावर बीपी पडणं एकट्या पार्किन्सन्सचं दुखणं नाही. जुन्या मधुमेहातही स्वायत्त मज्जातंतू झिजतात, आणि मधुमेहाचे पेशंट तुमच्याकडे रांगेने असतात. तुम्ही ही तपासणी एकदा सुरू केलीत की ती वाया जाणार नाही.

बीपीची शिबिरं आता गावोगाव होतात, आशाताई घरी येऊन फॉर्म भरतात, आरोग्य मंदिरात तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचं बीपी मोजलं जातं. हे फार चांगलं काम आहे. त्यात साठीच्या पुढच्या ज्यांना पार्किन्सन्स आहे किंवा जे वर्षभरात एकदा तरी पडले आहेत, एवढ्यांसाठी ‘उभं राहून’ अशी एक ओळ वाढवता येईल. तुम्ही आपल्या संघटनेतून ती मागणी केलीत तर तिला वजन येईल. माझ्या एकटीच्या पत्राने येणार नाही.

आणि तुमच्या दवाखान्यातली तपासायची खाट. मी गेल्या काही वर्षांत जितके दवाखाने पाहिले, त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी तिच्यावर औषधांच्या नमुन्यांचे खोके आणि जुन्या फायली असतात. गर्दी असते, जागा लहान असते, मला कळतं. तेवढी खाट रिकामी करून घ्या. पेशंट बाहेर बसलेला असतानाच कंपाउंडरने त्याला तिथे झोपवलं तर तुमची पाच मिनिटंही जाणार नाहीत. तोवर तुम्ही आणखी एक पेशंट पाहून घ्याल. आकडे मात्र फाईलवर दोन लिहा, आडवे आणि उभे, म्हणजे पुढच्या डॉक्टरलाही दिसतील.

आज सकाळची वहीतली नोंद देते. खाटेवर, विटांच्या उतारावर झोपलेले असताना १५४/८६, नाडी ७२. तांब्याभर पाणी, मग पाय खाली सोडून दहा मिनिटं बसले. उभं राहून तीन मिनिटांनी १२२/७२, नाडी ७६. अंधारी नाही. मान दुखली नाही. अंगणातल्या कडुलिंबापर्यंत काठी न घेता जाऊन आले.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, अकोला